दोराच्या त्या टोकाला

त्या वर्षी विहिरींचं पाणी इतकं खाली गेलं की घराघरांतले दोर आखूड पडले. बादली मध्येच लोंबकळायची आणि बायका काठावर ओणव्या होऊन आत बघत राहायच्या, जणू कोणी रुसून तळाशी जाऊन बसलंय. दोर वळणाऱ्या घराचं मात्र विचित्र झालं. कामाला तोटा नाही आणि कामाला वाख नाही. घायपाताची पानं ज्या तळ्यात कुजत घालायची ते आटून डबकं झालं होतं. पानं अर्धीकच्ची निघायची. ती दगडावर झोडपून झोडपून खांदे भरून यायचे आणि हाती लागणारा वाखाचा धागा आखूड, ताठ, बोटांत कुसळासारखा शिरणारा. डबक्याचा वास असा, की घरातली म्हातारी म्हणायची, "माश्यासुद्धा नाक धरून बसतात गं इथे."

लांब दोर वळायचे म्हणून ते ताणत चालायची वाटही लांबवावी लागली. मागचं कुंपण काढून ती माळावरच्या एकट्या झाडापर्यंत नेली.

दोर वळायला दोघी लागतात. एक चाक फिरवते. दुसरी कमरेला वाख गुंडाळते, त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवते आणि बोटांतून वाख सोडत उलट्या पावली मागे मागे जाते. ती मागे जाईल तसा पेड लांबत जातो. असे तीन पेड झाले की त्यांचा एक दोर. दोघींची तोंडं समोरासमोर, आणि मधलं अंतर वाढत जाणारं. आधी गप्पा, मग ओरडून गप्पा, मग हातवारे, मग नुसतं बघणं.

चाकाशी घरातली थोरली सून. मागे जाणारी तिची मैत्रीण, शेजारची. आवाज कानशीसारखा म्हणून सगळे तिला खरखरी म्हणायचे आणि ती ओ द्यायची. थोरली लग्न होऊन आली त्याच वर्षी दोघींची जोडी जमली. एकमेकींची बाळंतपणं त्यांनी केली होती. थोरलीचं पहिलं बाळ अंगावर पिण्याच्या वयातच गेलं, तेव्हा खरखरीनं तिला न्हाऊ घातलं होतं. गेल्या थंडीत खरखरीची लेक तापानं गेली, तेव्हा थोरली रोज तिच्याकडे जाऊन बसली. केस विंचरून दिले, घास भरवले. बोलली मात्र काही नाही.

यंदा एकच गोष्ट बदलली. झाडाखाली बसून वाख विंचरायचं काम म्हातारीचं होतं. तिचे गुडघे धरले, आणि तिथे बसली धाकटी जाऊ.

धाकटीला या घरात येऊन दोन उन्हाळेही झाले नव्हते. माहेरी देवाधर्माचं नाव नव्हतं. इथे आली, प्रार्थनाघरात जाऊ लागली, आणि गेल्या वर्षी तिनं बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून तिच्या तोंडात प्रभूशिवाय नाव नाही. दूध घालणाऱ्याला सांगितलं. पानं कापणाऱ्यांना सांगितलं. एकदा तर घरात शिरलेल्या चोरट्या मांजरालाही सांगत होती, असं म्हातारी सांगायची. आणि गंमत म्हणजे कोणी चिडायचं नाही. हसायचे, "बरं बाई, बरं," म्हणायचे, आणि पुन्हा तिच्याचपाशी येऊन बसायचे.

थोरली जन्माची विश्वासणारी. तिचे वडील दर रविवारी पुढे उभं राहून शास्त्र वाचायचे. स्तोत्रं तिला झोपेत पाठ. पण तिच्या माहेरी विश्वास म्हणजे कणगीतलं धान्य होतं. आहे, पोटाला पुरतंय, दारात पसरून कशाला दाखवायचं? आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. जोडी जमली तेव्हाच एकदा खरखरी म्हणाली होती, "तुमचा देव बरा गं, आठवड्यातून एकदाच हजेरी घेतो!" आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या. थोरली जास्तच हसली होती. त्या हसण्यानंतर तोंड उघडायचं कसं, हे तिला कधी सुचलंच नाही.

आता खरखरी उलट्या पावली झाडापाशी पोहोचायची आणि नवी लडी घ्यायला थांबायची. पूर्वी म्हातारी लडी हातात ठेवून म्हणायची, "जा, पळ." आता तिथे बोलणं चालायचं. थोरलीला इथून ऐकू येत नव्हतं. दिसायचं तेवढं सगळं. धाकटीचा हात हवेत, मग छातीवर. खरखरी कमरेवर हात ठेवून ऐकतेय. मान हलवतेय. आता हसली. आणि आता खरखरी खाली बसली. कामाच्या मध्ये. जी बाई थोरलीपाशी पाणी प्यायलाही बसत नव्हती.

"काय गं एवढं बोलत होतात?" खरखरी परत आली की थोरली विचारायची, आकड्यातला धागा साफ करत, जसं काही सहज.

"काही नाही. तुझी जाऊ गं, तोंडाची टकळी."

"तुला आवडते वाटतं टकळी."

"करमणूक होते," खरखरी म्हणायची, पण नजर दुसरीकडे.

कानामागून आली आणि तिखट झाली, थोरली मनात म्हणायची. चाक फिरवताना तिला धाकटीचं सगळंच दिसू लागलं. अजून घट्टे न पडलेले तिचे तळवे. झाडाखालची सावली, तीही आयती. रात्रभर वाखाची खाज सुटली तरी सकाळी हसरं तोंड. तिच्याविषयी मनात जे जे यायचं ते देवापुढे ठेवायची थोरलीला लाज वाटायची, म्हणून ती ते ठेवतच नव्हती. प्रार्थनेत सगळ्यांची नावं घ्यायची आणि धाकटीचं नाव घाईत उरकायची.

त्यातच तो रविवार आला. धाकटी उभी राहिली आणि प्रभूनं आपल्यासाठी काय केलं याची तिनं साक्ष दिली. रडली, हसली, मध्ये शब्द अडला तर, "थांबा हं, आठवते," म्हणाली. सगळं प्रार्थनाघर ओलं झालं. पाळकसाहेब शेवटी म्हणाले, "जन्मापासून मंडळीत असलेल्यांनी या मुलीकडून शिकण्यासारखं आहे." दोनतीन माना वळल्या. थोरलीनं मांडीवरचं पुस्तक उघडलं, आणि ते उलटं आहे हे तिला बऱ्याच वेळानं कळलं.

सोमवारी विहिरी खोल करणारे आले. गावाच्या मोठ्या विहिरीत माणूस उतरवायचा होता आणि त्यांना लांब, भक्कम दोर हवा होता. त्यांच्यात खरखरीचा धाकटा भाऊही होता. दोराला फळी बांधून खाली उतरणारा तोच. "मजबूत वळ, ताई," तो बहिणीला म्हणाला, "मला अजून लग्न करायचंय."

"तुला कोण देतंय मुलगी? दोर तुटला तर निदान कारण तरी होईल," खरखरी म्हणाली, आणि वाख निवडताना मात्र एकेक धागा डोळ्यांपाशी धरून बघत बसली.

दोन पेड चांगले झाले. तिसऱ्याला दुपार कलली होती. खरखरी मागे मागे गेली, झाडापाशी पोहोचली. पेड ताणून धरून ती तिथेच थांबली, आणि धाकटी उठून उभी राहिली. या वेळी धाकटी हात हलवत नव्हती. तिनं आपला एक हात खरखरीच्या खांद्यावर ठेवला. खरखरीची मान खाली गेली. खांदे हलले.

रडतेय.

थोरलीचे डोळे तिथेच खिळले. लेक गेली तेव्हा खरखरी तिच्यापुढे रडली नव्हती. सगळी थंडी थोरली तिच्याजवळ बसली, केस विंचरले, आणि त्या बाईनं डोळ्यांतून एक थेंब काढला नव्हता. आणि आज या कालच्या पोरीपुढे! चाक कधी मंदावलं ते थोरलीला कळलं नाही. हात फिरत होता, पण नुसता फिरत होता. त्या टोकाकडून खरखरीनं हात वर केला, झालं म्हणून, आणि थोरलीनं चाक थांबवलं. मग सवयीनं पेडावरून बोटं फिरवली. मधला बराच भाग मऊ लागला. पीळ कच्चा होता.

उलगडून पुन्हा करायला हवा होता. त्यासाठी हाक मारावी लागली असती. खरखरी डोळे पुसत आली असती आणि तिनं विचारलं असतं, कसं गं झालं, तुझ्या हातून? थोरलीनं पेड तसाच पुढे घेतला. संध्याकाळ व्हायच्या आत तीन पेडांचा दोर झाला. कच्चा पेड बाकी दोन पेडांत गुंडाळून गेला. वरून कोणाला कळायचं नाही.

चूल पेटवताना धाकटी मागे येऊन उभी राहिली.

"जाऊबाई, एक विचारू?"

"विचार."

"खरखरी मावशी आज म्हणाल्या..." ती घुटमळली. "म्हणाल्या, तुझी जाऊ तर जन्मापासून त्यातली. इतकी वर्षं माझ्यासमोर उभी आहे. तिनं कधी चकार शब्द काढला नाही. तिला तरी हे खरं वाटतं का? मी काय सांगू त्यांना?"

फुंकणीनं उडालेली राख थोरलीच्याच तोंडावर आली.

"सांग, नाही वाटत!" ती म्हणाली. "सांग, तिला काहीच वाटत नाही. तुलाच काय ते सगळं वाटतं. तूच सांगत फिर!"

धाकटीचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला. ती बाहेर गेली. आतल्या खोलीतून म्हातारी म्हणाली, "आज लाकडं ओली आहेत वाटतं. नुसताच धूर."

थोरली तशीच बसली. तिनं आत्ता काय म्हटलं ते तिला हळूहळू ऐकू येत होतं. घरात कोंबडा नव्हता म्हणून बरं, नाहीतर शिष्यानं प्रभूला नाकारलं तेव्हा आरवला होता तसा तोही आरवला असता. तिनं बाळाला पाजायला घेतलं. हे दुसरं, गुटगुटीत, ओढून पिणारं. ते पीत होतं आणि एका मुठीनं तिचं बोट धरून होतं. आणि तिला विहिरीत उतरणारा तो पोरगा दिसायला लागला. फळीवर बसलेला. त्याच्याही मुठीत दोरच.

सकाळी विहीरवाले दोर न्यायला आले. थोरलीच्या नवऱ्यानं वेटोळं खांद्यावर घेतलं.

"थांबा," थोरली म्हणाली.

"काय झालं?"

"एक पेड कच्चा आहे."

"कच्चा? कुणी सांगितलं?"

"मी केलाय तो. मला माहीत आहे."

नवऱ्यानं वेटोळं धपकन खाली टाकलं. गिऱ्हाइकांसमोर तो ओरडला नाही, पण त्याची मान तांबडी झाली. "चाकाशी बसून झोपा काढता का?" विहीरवाल्यांतला एकजण हसला. खरखरीचा भाऊ हसला नाही. त्यानं दोराकडे बघितलं, मग थोरलीकडे. मग सगळे ओसरीच्या सावलीत बसले, दुरुस्त होईपर्यंत.

दोर उलगडायला खरखरी आली. दोघी समोरासमोर मातीत बसल्या. पेड सुटे होऊ लागले, आणि खरखरीच्या अंगठ्याखाली तो मऊ भाग आला. तिनं तो दाबून पाहिला. जरा ओढला. धागे सरकले.

"यावर माझा भाऊ उतरणार होता," ती हळू म्हणाली. तिचा आवाज हळू झाला की जास्तच खरखरायचा. "तुझ्या हातून कसं झालं हे? तुझ्या?"

थोरलीच्या मनात सबबी रांगेनं उभ्या होत्या. वाख आखूड होता. ऊन होतं. बाळ रात्रभर जागं होतं.

"मी तुमच्याकडे बघत होते," ती म्हणाली. "तू तिच्यापाशी रडलीस. मी जळत होते. चाकाकडे माझं लक्षच नव्हतं."

"जळत होतीस? धाकटीवर?"

"हो."

"मी तिच्यापाशी रडले म्हणून?"

"माझ्यापाशी कधी रडली नाहीस म्हणून. आणि ती तुला जे सांगते ना, ते..." थोरलीनं मातीतला पेड मुठीत धरला, "ते माझ्याकडेही होतं. तिच्या आधीपासून. तू तिला विचारलंस, थोरलीला तरी खरं वाटतं का. मला वाटतं. माझं पहिलं गेलं तेव्हा मला त्याच्याशिवाय कोणी नव्हतं."

"कोणाच्याशिवाय?"

"प्रभूच्या. येशूच्या." इतकी वर्षं या बाईसमोर न घेतलेलं नाव तोंडातून बाहेर आलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. फक्त तिचे कान तापले.

खरखरी हसेल असं तिला वाटलं. खरखरी हसली नाही. तिचं तोंड आवळलं गेलं.

"म्हणजे तुझ्याकडे होतं," ती म्हणाली. "माझी पोर गेली. तू रोज यायचीस. माझ्या डोक्याला तेल लावायचीस. आणि तुझ्याकडे होतं, आणि तू दिलं नाहीस? मीठ मागितलं असतं तर दिलं असतंस ना गं?"

"तू हसशील असं वाटलं."

"हसले असते! मग? माझ्या हसण्याला तू कधीपासून भ्यायला लागलीस? मला वाटायचं, ही बाई दगड आहे. बाळ गेलं तरी चाक फिरवते. आपणही दगड व्हावं म्हणून मी तुझ्यासमोर रडले नाही. समजलं? तुझी लाज वाटून रडले नाही मी!"

ती उठली. कमरेला वाख गुंडाळू लागली, इतक्या रागानं की दोनदा सुटला. थोरलीला वाटलं, गेली. ही आता गेली. पेड पुरा करेल, दोर देईल, आणि उद्यापासून झाडाखाली जाऊन बसेल ती कायमची. धाकटी तिकडे विंचरणी हातात धरून उभी होती, वाट बघत.

खरखरीनं वाखाचं टोक आकड्याला अडकवलं.

"फिरव."

थोरलीनं चाक फिरवलं. खरखरी एक पाऊल मागे गेली. मग दुसरं.

"सांग आता."

"आत्ता?"

"मग केव्हा? मी म्हातारी झाल्यावर? बाळ गेलं तेव्हा काय झालं ते सांग. आणि चाक मंद करू नकोस, भाऊ आहे तो माझा."

थोरलीनं ओसरीकडे पाहिलं. माणसं बसली होती. नवरा चहा देत होता. म्हातारी दारात. "ते सगळे ऐकतील," ती म्हणाली.

"ऐकू देत. तिनं काय मला कोठडीत नेऊन सांगितलं?" खरखरी अजून मागे सरकली.

"मला दूध येत होतं," थोरली म्हणाली. बोलणं भलतीकडूनच सुरू झालं. धाकटीसारखं नव्हतं ते, त्याला ना शेंडा ना बुडखा. "बाळ गेलं तरी येत होतं. कपडे भिजायचे. तू बांधून दिलं होतंस, आठवतं? मी प्रार्थना करायची सोडून दिली होती. मग एकदा इथेच, चाकाशी, मी प्रभूशी भांडले. म्हटलं, तू नेलंस, आता हे दूध कुठे ठेवू? खूप बोलले. नको नको ते बोलले."

"मोठ्यानं! ऐकू येत नाही!" खरखरी बरीच लांब गेली होती.

थोरलीनं आवाज चढवला. ओसरीवरची कुजबुज थांबली. "मी त्याला नको ते बोलले! आणि त्यानं उत्तर दिलं नाही!"

"मग?"

"उत्तर दिलं नाही, पण उठून गेला नाही! मला कळत होतं. कोणीतरी बसलंय. मी शिव्या देत होते आणि तो बसून होता. प्रभू मेलेल्या मित्राच्या थडग्यापाशी रडला होता, अगं. शास्त्रात लिहिलंय तसं. मला लहानपणापासून पाठ होतं ते, पण त्या दिवशी मला कळलं की तो माझ्याजवळ बसून रडतोय!"

ओसरीवरून कोणीतरी खाकरलं. "काय नाटक चाललंय?" विहीरवाल्यांतला तो हसणारा म्हणाला. नवऱ्याचा हात किटलीवर थांबला होता, आणि थोरलीच्या मानेवरून घाम ओघळत होता. पण चाकावरचा हात पक्का होता. पेड टणक, सारखा, तारेसारखा मागे मागे जात होता.

खरखरी झाडापाशी पोहोचली. तिथे धाकटी होती. नवी लडी पुढे करून ती काहीतरी बोलायला गेली. खरखरीनं लडी घेतली आणि दुसऱ्या हातानं तिला गप्प केलं, चाकाकडे तोंड ठेवूनच. धाकटीनं हात मागे घेतला. तिच्या तोंडावर जे आलं ते इतक्या लांबूनही थोरलीनं ओळखलं. ते तिच्या चांगल्याच ओळखीचं होतं. आणि नवल म्हणजे, कालपर्यंत ज्या पोरीचं नाव ती प्रार्थनेत घाईनं उरकत होती, तिच्यासाठी थोरलीला वाईट वाटलं.

"धाकटे!" तिनं हाक दिली. "तूही ऐक! तुझ्याही उपयोगाचं आहे!"

म्हातारी दारातून म्हणाली, "आता हिचीही टकळी सुरू."

पेड ताणला गेला होता. त्या टोकाला खरखरी पाय रोवून उभी होती, वाखाचं शेवटचं टोक मुठीत, केस विस्कटलेले. काम झालं की ती हात वर करते. तिनं हात वर केला नाही.

"आणि माझी पोर?" ती ओरडली. माळावरून तिचा फाटका आवाज आला. "ती कुठे आहे, ते सांगतो का तुझा प्रभू?"

ओसरीवर आता कोणी हसत नव्हतं. या प्रश्नाचं थोरलीकडे वडिलांसारखं उत्तर नव्हतं, पाळकसाहेबांसारखंही नव्हतं. जे तिला ठाऊक होतं ते एवढंसं होतं, आणि ते इतक्या लांब पोहोचवायला छातीतला सगळा वारा लागणार होता. ती चाकाशी उभी राहिली. एका हातानं चाकाची मूठ फिरवत, दुसरा तोंडापाशी धरून.

"तो मेला होता!" ती ओरडली. "आणि उठला! माझं बाळ त्याच्यापाशी आहे, म्हणून मी जगले! आणि तुझी पोरही त्याच्याच हातात आहे, माझ्या बाळाला सांभाळणाऱ्याच्या! मला एवढंच माहीत आहे!"

वारा उलट्या दिशेचा होता. खरखरीनं कान पुढे केला, मान हलवली, आणि पेड हातातून न सोडता हाक दिली.

"नीट आलं नाही! पुन्हा सांग!"

थोरलीनं पुन्हा श्वास भरून घेतला.